वरच्या मजल्यावर दर वेळी प्रेशर का पडतं? फायर पंपाचा फ्लो काढून दोष शोधणं

सोसायट्यांकडून येणारी तक्रार जवळपास सारख्याच शब्दांत असते. फायर पंप चांगला आहे, एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू आहे, गेज (दाबमापक) पाच बार दाखवतं, तरी मॉक ड्रिलला वरच्या मजल्यावर होज उघडला की पाण्याला जोरच नसतो. मग जानेवारी किंवा जुलै येतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे वर्षातून दोनदा फॉर्म 'बी' (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) द्यावा लागतो, म्हणून एजन्सीचा माणूस येतो. वरच्या लँडिंग व्हॉल्व्हच्या (मजल्यावर होज जोडायचा व्हॉल्व्ह) तोंडाला गेज लावतो, पंप चालू करायला सांगतो, काटा पाचावर जातो, मोबाइलवर फोटो निघतो. पुढच्या ड्रिलला पुन्हा तीच रड. दोन-तीन वर्षं असं झालं की सर्वसाधारण सभेत कोणीतरी म्हणतं, आता मोठा पंप बसवू.

त्या सभेच्या आधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय. यातल्या बऱ्याच इमारतींत पंप पुरेसा असतो. वाहत्या पाण्याचं मोजमाप मात्र पंप बसवल्या दिवसापासून कोणी घेतलेलं नसतं.

बंद तोंडावरचं प्रेशर काय सांगतं

तोंड बंद असताना गेजवर दिसतो तो शून्य प्रवाहाचा दाब. पाणी हलत नसलं की पाइपात घर्षण नाही, अर्धवट बंद व्हॉल्व्हमध्ये नुकसान नाही, गाळाने भरलेल्या स्ट्रेनरमध्येही (गाळणीतही) नाही. अडथळ्यातला दाबक्षय प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर क्षय चौपट. म्हणून बटरफ्लाय व्हॉल्व्ह तीन चतुर्थांश बंद असला तरी वरचं गेज तंतोतंत बरोबर आकडा दाखवेल. होज उघडल्यावरच खरं कळतं.

होज रील (गुंडाळीवरचा बारीक होज) उघडून बघणं ही पण अशीच फसवी चाचणी. रीलच्या 5 मिमी नोझलमधून 4 बारला मिनिटाला जेमतेम 33 लिटर पाणी जातं. जॉकी पंप (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) मिनिटाला 180 लिटरचा असतो, तो एकटाच हे भागवतो आणि मेन पंप जागचा हलतही नाही. रीलला फवारा चांगला आला यावरून मेन पंपाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आधी कागदावर: किती यायला हवं

दोष शोधायचा तर अपेक्षित आकडा हातात हवा. तो काढायला अर्धा तास पुरतो.

पंपाचा फ्लो मनाने ठरवायचा नसतो. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 च्या भाग 4 मध्ये इमारतीचा वापर आणि उंची यांनुसार तक्ता आहे. त्यात मिनिटाला 900, 1620, 2280, 2850 लिटर असे पंप आणि 180 लिटरचा जॉकी दिसतो. तुमच्या इमारतीला यातला कोणता लागू झाला ते फायर एनओसी आणि मंजूर ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. तोच कागद काढा, शेजारच्या सोसायटीचा आकडा घेऊ नका. नेमप्लेटवर एकक वेगळं असण्याची शक्यता मोठी, तिथे बरेच जण घसरतात: 1620 लिटर प्रति मिनिट म्हणजे 97.2 घनमीटर प्रति तास, म्हणजेच 27 लिटर प्रति सेकंद. 2280 म्हणजे 136.8 घनमीटर प्रति तास. नेमप्लेटवर 97 बघून "1620 चा पंप मागितला होता, 97 चा दिला" अशी भांडणं होतात, ती इथेच मिटतात.

आता हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजलेला दाब. उदाहरणासाठी चौदा मजल्यांची इमारत धरू, पंप रूम तळघरात, पंपाच्या मध्यापासून सर्वांत वरचा लँडिंग व्हॉल्व्ह 45 मीटर उंच. वर वाहत्या पाण्यात किमान 3.5 बार हवेत, म्हणजे साधारण 36 मीटर. राहिलं पाइपातलं घर्षण. 150 मिमीच्या जीआय किंवा एमएस (लोखंडी) पाइपातून 1620 लिटर जाताना हेझन-विल्यम्सच्या सूत्राने, सी (पाइपाच्या गुळगुळीतपणाचा अंक) 120 धरून, दर 100 मीटरला सुमारे 1.6 मीटर हेड जातं. सरळ पाइप 105 मीटर, बेंड-टी-व्हॉल्व्ह यांची समतुल्य लांबी 45 धरली तर 150 मीटर, म्हणजे अडीच मीटर. लँडिंग व्हॉल्व्ह आणि इतर फिटिंगसाठी 4 मीटर राखू. बेरीज 45 + 36 + 2.5 + 4, म्हणजे सुमारे 88 मीटर. पंप झाला 1620 लिटर, 88 मीटर.

त्याच हिशोबात पाइप 100 मिमीचा असता तर दर 100 मीटरला 1.6 ऐवजी जवळजवळ 11 मीटर गेले असते. दुरुस्तीत कुठे 150 चा तुकडा काढून 100 चा घातला असेल, तर तो तुकडा किती लांब आहे हे पाहूनच त्याला दोष द्या. दोन मीटरच्या तुकड्याने वीस सेंटिमीटर हेड जातं, तीन बार नव्हे.

मोटरचा हिशोब पटकन: लिटर प्रति मिनिट गुणिले मीटर, भागिले 6120 आणि कार्यक्षमता. 65 टक्के धरले तर 1620 × 88 ÷ (6120 × 0.65), म्हणजे सुमारे 36 किलोवॅट, 48 एचपी. तिथे 60 एचपीची मोटर असेल तर ठीक आहे.

आता पंपाचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या फ्लोला किती हेड मिळतं त्याचा आलेख. तो उत्पादकाकडून मिळतो, ऑर्डरच्या फाइलमध्ये नसेल तर पंपाचा सीरियल नंबर देऊन मागवा. फायर पंपाची नेहमीची अट अशी की रेटेड (नेमप्लेटवरच्या) फ्लोच्या दीडपटीला रेटेड हेडच्या किमान 65 टक्के हेड मिळालं पाहिजे. आपल्या पंपासाठी ते 2430 लिटरला 57 मीटर. शून्य प्रवाहाला कर्व्ह थोडा वर जातो. समजा 98 मीटर, म्हणजे 9.6 बार. वरच्या व्हॉल्व्हवर 45 मीटरचे 4.4 बार वजा जाऊन 5.2 उरतात. फोटोतला पाच बार तो हाच.

मग मोजायचं कसं

फ्लो मोजण्याचे तीन मार्ग आहेत. पंप रूममध्ये टेस्ट लाइनवर फ्लो मीटर असेल तर उत्तम, पण ती लाइन पाणी टाकीत परत सोडते, त्यामुळे रायझरमधला (वरपर्यंत जाणाऱ्या उभ्या पाइपातला) दोष तिथे कधीच दिसत नाही. तिथे पंप शंभर टक्के पास होतो आणि वर होज मरतो.

दुसरा मार्ग नोझलचा. 20 मिमीच्या नोझलमधून प्रति मिनिट लिटर म्हणजे साधारण 0.667 गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले नोझलवरच्या बारचं वर्गमूळ. म्हणजे 267 गुणिले वर्गमूळ. 3.5 बारला सुमारे 500 लिटर, 2 बारला 377, 1.7 बारला सुमारे 350. नोझलवरचा दाब पिटो गेजने (धारेत धरून दाब मोजणारं गेज) मिळतो. ते नसेल तर एक सोपी युक्ती: पाणी सोडलंय त्याच्या खालच्या मजल्याच्या लँडिंग व्हॉल्व्हवर गेज लावून तो उघडा ठेवा. तिथून पाणी जात नाही, त्यामुळे गेज चालू रायझरचा दाब दाखवतो. वरच्या मजल्यासाठी 0.3 बार वजा करा. 30 मीटर होजचे 1.7 ते 3.5 बारच्या नोझलला आणखी 0.1 ते 0.25 बार जातात.

तिसरा मार्ग टाकीचा, आणि मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. जमिनीखालच्या फायर टाकीची आतली मापं घ्या. 8 मीटर बाय 5 मीटर असेल तर 40 चौरस मीटर, पातळी 10 सेंमी उतरली म्हणजे 4000 लिटर गेले. टाकीत उभी पट्टी धरून घड्याळ लावा. मिनिटाला 1100 लिटर जात असतील तर 3 मिनिटं 38 सेकंद लागतील. 5 मिनिटं 43 सेकंद लागले तर 700 लिटर. टाकीला येणारी पालिकेची लाइन त्या वेळी बंद ठेवा, नाहीतर हिशोब खोटा. पाणी वाया जातं ही कमिटीची नेहमीची हरकत असते. तरीही गच्चीवर होजचं तोंड घरगुती वापराच्या टाकीत न सोडता गच्चीच्या रेनवॉटर लाइनमध्ये सोडा. रायझरमध्ये साचलेलं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळायचं नाही.

होज धरायला दोन माणसं हवीतच. 20 मिमी नोझलला 7 बारला सुमारे 440 न्यूटन, म्हणजे 45 किलोचा मागचा धक्का बसतो, 3.5 बारला 22 किलो. एका सुरक्षारक्षकाच्या हातात होज देऊन "पंप सोडा" असं इंटरकॉमवर सांगणं मी कधीच होऊ देत नाही.

दोन गेज, एकाच वेळी

आता खरी चाचणी. सर्वांत वर दोन होज उघडा. पंपाच्या डिस्चार्ज (पाणी बाहेर पडतं ती बाजू) गेजजवळ एक माणूस, वर गेजजवळ दुसरा, तिसरा टाकीवर. पाणी स्थिर वाहू लागल्यावर एकाच मिनिटात तिघांनी आकडा लिहायचा, सोबत पॅनलवरचे अँपिअर.

आपल्या उदाहरणात सगळं ठीक असेल तर काय दिसायला हवं? दोन होजचे मिळून सुमारे 1100 लिटर, पंपाचं हेड कर्व्हवर 94 मीटर, डिस्चार्जला 9.2 बार, वर रायझरमध्ये साडेचारच्या पुढे. आता समजा वर 1.8 बारच आले आणि दोन्ही होज मिळून 700 लिटर. 700 लिटरला पाइपातलं घर्षण जेमतेम अर्धा मीटर. मग तीन बार गेले कुठे, हे डिस्चार्जचं गेज सांगतं.

डिस्चार्जला 9.4 बार आहेत: पंप आपलं काम करतोय, दोष पंप आणि वरचा व्हॉल्व्ह यांच्या मध्ये आहे. डिस्चार्जलाही साडेसहा झाले: दोष पंपात, सक्शनमध्ये (पंपात पाणी येतं त्या बाजूला), किंवा पाणी भलतीकडे जातंय. या एका फरकावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे. वर्षानुवर्षं तक्रार चालू राहते ती हे दोन आकडे एकाच वेळी कोणी न घेतल्यामुळे.

डिस्चार्ज ठीक, वर पाणी नाही

बटरफ्लाय व्हॉल्व्ह पहिले बघा. रंगकाम, प्लंबिंग, तळघरातली गळती, कशासाठी तरी कोणीतरी ते फिरवलेलं असतं. गिअरवाल्या व्हॉल्व्हवर एक धोका असतो: आतली की किंवा शाफ्ट तुटला की बाहेरचा इंडिकेटर 'उघडा' दाखवतो आणि आतली डिस्क अर्धवट बंदच राहते. इंडिकेटरवर विश्वास न ठेवता व्हॉल्व्हच्या आधी आणि नंतर गेज लावायला जागा असेल तर दोन्हीकडे वाहत्या पाण्यात दाब घ्या. फरक बारमध्ये आला तर व्हॉल्व्ह खोला.

दुसरी जागा ऑरिफिस प्लेट, म्हणजे दाब कमी करणारी भोकाची चकती. या पंपावर खालच्या मजल्यांवर शून्य प्रवाहाचा दाब 9 बारच्या आसपास येतो. होज हाताळता यावा म्हणून हायड्रंटवर पाणी वाहताना तो 7 बारच्या आत ठेवायचा असतो, त्यासाठी खालच्या मजल्यांच्या लँडिंग व्हॉल्व्हमध्ये प्लेट घालतात. गळके व्हॉल्व्ह बदलताना सगळे एका गोणीत काढले जातात आणि परत लावताना खालच्या मजल्याची प्लेट बाराव्या मजल्यावर जाते. प्लेटही पाणी वाहतानाच दाब खाते, बंद तोंडावर तिचा पत्ता लागत नाही. वरच्या चार मजल्यांचे व्हॉल्व्ह उघडून आत बॅटरी मारून बघा. एक मजला चांगला आणि त्याच्या वरचा वाईट असा प्रकार असेल तर जवळजवळ नक्की प्लेटच.

डिस्चार्ज पडतं, अँपिअर जास्त

हा भाग सर्वांत फसवा, म्हणून जरा थांबतो. सेंट्रिफ्युगल पंप जास्त पाणी फेकू लागला की त्याचा दाब उतरतो आणि करंट चढतो. म्हणजे डिस्चार्जला दाब कमी, नोझलला पाणी कमी, पण अँपिअर जास्त, तर पंप भरपूर पाणी देतोय आणि ते तिसरीकडे जातंय.

टाकी इथे कामाला येते. टाकीतून मिनिटाला 2200 लिटर उतरतायत आणि नोझलवर 700 च निघतायत, तर बाकीचे 1500 टाकीबाहेर जातायत. पहिला संशय गच्चीवरचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह). गच्चीची फायर टाकी रायझरला एनआरव्हीमधून जोडलेली असते, म्हणजे पंप बंद असताना रायझर भरलेला राहतो. त्या एनआरव्हीच्या सीटवर कचरा अडकला की खालून आलेलं पाणी सरळ गच्चीच्या टाकीत शिरतं. चाचणी चालू असताना गच्चीवर जाऊन टाकीत कान द्या, ओव्हरफ्लो बघा. ही गळती (पासिंग) मोठी असेल तर बंद तोंडावरचा दाबही पाचाला पोचत नाही. दुसरा संशय आवारातल्या जमिनीखालच्या रिंग मेनची (इमारतीभोवतीच्या मुख्य लाइनची) गळती. ती असेल तर जॉकी पंप रात्रंदिवस दर काही मिनिटांनी सुरू होतो, आणि वॉचमनला ते महिनोन् महिने माहीत असतं. त्याला विचारा.

टाकीचा आणि नोझलचा आकडा जुळतोय, अँपिअर मात्र जास्त आहेत? मग पाणी टाकीतून निघून टाकीतच परत येतंय. टेस्ट लाइनचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, किंवा बंद असलेल्या डिझेल पंपाचा एनआरव्ही पास करतोय. दुसऱ्या गोष्टीची खूण डोळ्यांनी दिसते: इलेक्ट्रिक पंप चालू असताना डिझेल पंपाचा सक्शन आणि डिस्चार्ज पाइप हाताला कंप पावतो, वाहत्या पाण्याची घरघर ऐकू येते, आणि कधी कधी कपलिंग गार्डच्या जाळीतून शाफ्टवर उलट्या दिशेने जोर येताना दिसतो. हात जाळीच्या बाहेरच ठेवा. डिझेल पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह मिनिटभर बंद करा. वर दाब झटकन चढला तर निदान झालं. व्हॉल्व्ह लगेच परत उघडा, कारण तो बंद राहिला तर वीज गेलेल्या रात्री डिझेल पंप नुसता गरम होईल.

डिस्चार्ज पडतं, अँपिअरही कमी

पंपाला पाणीच मिळत नाही, किंवा पंप नीट फिरत नाही. सक्शन स्ट्रेनर उघडा. टाकी साफ केल्यानंतरच्या आठवड्यात तो हमखास भरतो. पंपातून खडी दळल्यासारखा आवाज आणि काट्याची थरथर म्हणजे कॅव्हिटेशन (दाब फार कमी झाल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे) किंवा सक्शनमध्ये हवा. टाकीची पातळी खाली गेल्यावरच असं होत असेल तर भोवऱ्यातून हवा शिरतेय.

फिरण्याची दिशा बघाच, आणि ती दोनदा बघा: एकदा महावितरणच्या सप्लायवर, एकदा सोसायटीच्या जनरेटरवर. दोन्हींचा फेज क्रम जुळवलेला नसला तर पंप लाइटवर सरळ आणि जनरेटरवर उलटा फिरतो. उलटा फिरलेला पंप पाणी देतो, पण हेड आणि फ्लो दोन्ही फार कमी. "कधी येतं, कधी येत नाही" अशी तक्रार असेल तर कोणत्या वेळी वीज नव्हती ते आधी विचारा. मोटर रिवाइंड होऊन आल्यावरही हेच होतं. पॅनलमध्ये फेज सिक्वेन्स रिले बसवायचा खर्च नव्या पंपापुढे काहीच नाही.

डिझेल पंपावर टॅकोमीटर लावा. फ्लो आरपीएमच्या प्रमाणात बदलतो आणि हेड आरपीएमच्या वर्गाच्या. 2900 ऐवजी 2610 वर इंजिन चालत असेल तर वेग 10 टक्केच कमी, पण 88 मीटरचे 71 मीटर होतात. वरच्या मजल्यांवरचा जोर संपला.

हे सगळं बरोबर असून शून्य प्रवाहाचा दाबच कर्व्हपेक्षा खूप खाली असेल, तर इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) आणि वेअर रिंग (त्याभोवतीची कडी) झिजलेत. पंप उघडायची वेळ तेव्हाच.

मोठ्या पंपाबद्दल

अडथळा तसाच ठेवून हेड वाढवलं तर वर थोडं बरं वाटेल, खाली मात्र 9 बारचे 11-12 बार होतील. जुने होज फुटतात, कपलिंग निसटतात. मोटर वाढली की केबल, पॅनल आणि जनरेटर सगळं वाढतं. सक्शन पाइप तोच राहिला तर कॅव्हिटेशन नव्याने सुरू होतं. फ्लो वाढवला तर टाकी लवकर संपते: एक लाख लिटर 1620 ला 62 मिनिटं पुरतात, 2280 ला 44 मिनिटं. मोजमाप करूनही पंप अपुरा ठरला, म्हणजे मंजुरी 2280 ची आणि बसवलेला 1620 चा, तर बदलावाच लागेल, आणि ते काम परवानाधारक एजन्सीकडून, मंजूर ड्रॉइंगप्रमाणे.

चाचणी संपल्यावर मेन पंप हातानेच बंद करा, टेस्ट लाइन बंद, डिस्चार्जचे सगळे व्हॉल्व्ह उघडे, सिलेक्टर स्विच तिन्ही पंपांचे ऑटोवर. मग एक हायड्रंट थोडा उघडून जॉकी आणि त्यानंतर मेन पंप आपोआप सुरू होतात ना, ते बघूनच पंप रूम सोडा. पंप रूमच्या रजिस्टरमध्ये तारीख, टाकीची पातळी, शून्य प्रवाहाचा दाब, दोन होजवरचा डिस्चार्ज आणि वरचा दाब, लिटर, अँपिअर, आरपीएम, आणि सप्लाय महावितरणचा की जनरेटरचा, हे लिहा. पुढच्या जानेवारीत एजन्सीच्या माणसाला बंद तोंडाचा फोटो काढू देण्याआधी ते पान त्याच्यासमोर उघडा आणि तेच आकडे पुन्हा घ्यायला सांगा.